वेड पांघरून पेडगावला

म्हणीतले पेडगाव भीमेच्या काठी, श्रीगोंदे तालुक्यात आहे. परभणी तालुक्यातले पेडगाव ते नव्हे. हे परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, मराठवाड्याच्या काळ्या रानातले. परंतु सरकारी आरोग्यव्यवस्थेने गेल्या वीस वर्षांत लोकांशी जो व्यवहार केला, त्याला ती म्हण जशीच्या तशी लागू पडते. सर्व काही ठाऊक असून काहीच ठाऊक नसल्याचे सोंग घ्यावे आणि त्या सोंगाआडून आपले काम साधावे, हा तिचा अर्थ. दवाखाने का बिघडले हे मंत्रालयाला ठाऊक आहे. ते कोणाला विचारून सुधारता येतील हेही ठाऊक आहे. तसे विचारून पाहण्याचा प्रयोग याच राज्यात झाला आणि त्याचे फळ दिसले, हे तर सरकारच्याच दप्तरी आहे. तरीही ‘रुग्णांचा सहभाग कसा वाढवावा’ या विषयावर कार्यशाळा भरतात, ठराव होतात, चहापान होते. आणि पेडगावसारख्या गावचा रुग्ण चिठ्ठी हातात धरून रांगेत उभाच राहतो.

सही कोणाची, सत्ता कोणाची?

रुग्णसहभागाची व्यवस्था कागदावर नाही असे नाही. उलट, कागदावर ती भरगच्च आहे. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यानुसार गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नेमावयाची, तिच्या हाती वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी द्यावयाचा, आणि गावाने आपल्या आरोग्याचा आराखडा स्वतः करावयाचा असे ठरले. सपाटीवरील ५ हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र आणि ३० हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण तर जुनेच आहे. त्या केंद्राच्या कारभारावर लोकांची नजर राहावी म्हणून रुग्ण कल्याण समिती आली. पुढे २०१५ पासून ‘कायाकल्प’ नावाने स्वच्छतेची पारितोषिके सुरू झाली, २०१६ पासून ‘मेरा अस्पताल’ नावाने रुग्णांचे अभिप्राय दूरध्वनीवरून व संगणकावरून गोळा होऊ लागले.

ही यादी वाचणाऱ्याला वाटावे की, देशातील दवाखाने रुग्णांच्या संमतीवाचून पानही हलवीत नाहीत. तेव्हा कार्यकर्त्याने पेडगावच्या पारावर, किंवा आपल्या स्वतःच्या गावच्या पारावर, जाऊन चार साधे प्रश्न विचारावेत. गावच्या आरोग्य समितीत कोण कोण आहे? तिची मागची बैठक कधी भरली? वर्षाचे १० हजार रुपये कशावर खर्च झाले? केंद्रात गेल्यावर ‘औषध संपले, बाहेरून घ्या’ असे सांगितले गेले, तर तक्रार कोणाकडे करावयाची? चारही प्रश्नांना ‘ठाऊक नाही’ हे उत्तर आले, तर तो गावाचा अडाणीपणा समजू नये. ज्याच्या नावाने समिती चालते त्याला समितीचा पत्ता लागू न देणे, हीच तिची कार्यपद्धती आहे असे समजावे.

रुग्ण कल्याण समितीची रचनाच पाहावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषद सदस्याकडे, सचिवपद वैद्यकीय अधिकाऱ्याकडे. ज्याच्या कामावर देखरेख करावयाची तोच इतिवृत्त लिहिणार, आणि ज्याला वर्षातून एकदा सवड मिळते तो त्यावर सही करणार. त्यातही २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचे राज्य राहिले. म्हणजे जो सदस्य अध्यक्ष असावयाचा, तो सदस्यच अस्तित्वात नव्हता! निवडणुका न घेता लोकप्रतिनिधीशिवाय जिल्हे हाकणाऱ्या सरकारने ‘लोकसहभागा’ची भाषा बोलावी, याहून मोठे वेड पांघरणे ते कोणते?

लाभार्थी, गिऱ्हाईक की धनी?

हा केवळ अंमलबजावणीतील ढिसाळपणा आहे, असे मानणाऱ्यांनी या समित्यांचा जन्म आठवावा. १९९४ साली सुरतेच्या प्लेगनंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीचा प्रयोग सुरू झाला. गचाळ, उंदरांनी भरलेले ते इस्पितळ स्वच्छ झाले, ही गोष्ट खरी. परंतु देशभर जे उचलले गेले ते स्वच्छतेचे तंत्र नव्हते, रुग्णांकडून शुल्क घेऊन इस्पितळ चालविण्याचे तंत्र होते. सरकारने हात आखडता घ्यावा आणि समितीने केसपेपरापासून तपासणीपर्यंत दर लावून तूट भरून काढावी, अशी ती वाटणी होती. रुग्णाचा सहभाग म्हणजे रुग्णाच्या खिशाचा सहभाग! आर्थिक उदारीकरणाच्या त्या दशकात याहून वेगळे घडणे शक्यही नव्हते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच होय. मात्र शुल्क गेले म्हणून अधिकार आला, असे होत नाही. पूर्वी रुग्ण पैसे देऊन गप्प बसत होता, आता फुकट मिळते म्हणून गप्प बसावे अशी अपेक्षा आहे.

येथे कायद्याने करून ठेवलेली गंमत कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात दिला. परंतु जेथे सर्वांवर मोफत उपचार होतात, तेथील रुग्ण मात्र ग्राहक नव्हे, असेही त्याच निर्णयात ठरले. याचा अर्थ असा की, पैसे मोजणाऱ्याला दाद मागण्याची एक वाट मोकळी झाली. जो मोजू शकत नाही त्याच्यासाठी ती बंद राहिली. दानाच्या घोड्याचे दात मोजू नयेत, हा न्याय सरकारी दवाखान्याला लावण्यात आला. वस्तुतः तो घोडा दानाचा नाहीच. आगपेटीपासून खताच्या गोणीपर्यंत प्रत्येक वस्तूवर शेतमजूर जो कर भरतो, त्यातून तो विकत घेतला गेला आहे.

पुढच्याच वर्षी, १९९६ साली, दुसरा निर्णय आला आणि तो आणणारी कोणी ग्राहक संघटना नव्हती. पश्चिम बंगालमधील खेतमजूर समिती होती. १९९२ साली आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या सरकारी इस्पितळांनी ‘खाट नाही’, ‘सोय नाही’ म्हणत एकामागून एक परत पाठविले. शेवटी खाजगी रुग्णालयात त्याचा जीव वाचला, आणि बिल हजारोंचे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २५ हजार रुपयांची भरपाई दिली आणि सांगितले की, तातडीचे उपचार वेळेवर न देणे म्हणजे घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय. पैशाची चणचण ही त्यावरची सबब होऊ शकत नाही. या दोन निर्णयांमधील अंतर हेच दोन राजकारणांमधील अंतर आहे. एका वाटेने रुग्ण गिऱ्हाईक होतो. दुसऱ्या वाटेने तो हक्कदार होतो, आणि ती वाट संघटनेतून जाते.

सरकारला रुग्ण ‘लाभार्थी’ म्हणून हवा आहे, बाजाराला ‘गिऱ्हाईक’ म्हणून. लाभार्थ्याने हात जोडावेत, गिऱ्हाइकाने खिसा उघडावा. दवाखान्याचा धनी म्हणून रुग्णाने हिशेब मागावा, ही तिसरी भूमिका दोघांनाही नको आहे. लोकसहभागाचा खरा वाद आहे तो हा.

महाराष्ट्राने करून पाहिलेला प्रयोग

ही तिसरी भूमिका स्वप्नाळू नाही. २००४ साली जन स्वास्थ्य अभियानाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशात ठिकठिकाणी आरोग्यहक्काच्या जनसुनवाया घेतल्या. उपचार नाकारले गेलेल्यांनी स्वतः उभे राहून आपल्या कहाण्या सांगितल्या आणि अधिकाऱ्यांना त्या ऐकून घ्याव्या लागल्या. त्या चळवळीच्या रेट्यामुळे ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचे कलम शिरले. २००७ पासून महाराष्ट्रात त्याची सुरुवात पाच जिल्ह्यांत झाली: अमरावती, नंदुरबार, ठाणे, पुणे आणि मराठवाड्यातील उस्मानाबाद, ज्याचे नाव आता धाराशिव आहे. राज्यपातळीवरील समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होते.

पद्धत अगदी साधी होती. गावात बैठक घ्यावयाची, आणि तीही केवळ सरपंचाच्या ओसरीवर नाही. नर्सबाई ठरल्या दिवशी येते काय, लसीकरण होते काय, बाळंतपणाला केंद्रात नेले तर कोणी पैसे मागते काय, औषधे मिळतात काय, वागणूक कशी असते, असे प्रश्न एकामागून एक विचारावयाचे. उत्तरे अहवालपत्रकावर रंगांत मांडावयाची: चांगले ते हिरवे, मधले ते पिवळे, वाईट ते लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल रंग कळतो. गावांची पत्रके एकत्र करून केंद्राचे पत्रक व्हावयाचे, ते तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या समितीपुढे जावयाचे, आणि शेवटी जनसुनवाई. तेथे अधिकारी एका बाजूला, गाव समोर, आणि प्रत्येक लाल चौकटीचा जाब.

फळ काय मिळाले? २००८ च्या पहिल्या फेरीत गावपातळीवरील सेवांना ‘चांगले’ असा शेरा मिळण्याचे प्रमाण निम्म्याहून थोडे कमी होते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीअखेर ते दोन-तृतीयांशाच्या आसपास गेले. कित्येक केंद्रांत बाहेरून औषध आणण्याच्या चिठ्ठ्या थांबल्या, औषधसाठ्याचे फलक लागले, काही ठिकाणी बेकायदा घेतलेले पैसे परत करावे लागले. या काळात काही नवी यंत्रे आली नव्हती, विलायतेहून तज्ज्ञ आले नव्हते. बदल एवढाच झाला होता की, उत्तर मागणारे कोणी तरी समोर बसले होते.

मग हा कार्यक्रम राज्यभर का पसरला नाही? पहिल्या पाचांत परभणी नव्हता. पुढे आणखी काही जिल्हे जोडले गेले, परंतु राज्यातील प्रत्येक केंद्राचा तो नेमाचा भाग कधीच झाला नाही. जी गोष्ट मराठवाड्यातल्याच धाराशिवात चालली ती परभणीत चालू नये असे मातीत काय आहे? कारण उघड आहे. अभिप्रायाची पेटी सरकारला सोसते, जनसुनवाई सोसत नाही. पेटीतला कागद अधिकारी एकटा वाचतो. जनसुनवाईत तो गावासमक्ष वाचावा लागतो.

तीन आक्षेप

रुग्णांच्या अधिकाराला विरोध करणारे उघड विरोध करीत नाहीत. ते आक्षेप घेतात, आणि त्यांचे तीन आक्षेप ठरलेले असतात.

पहिला आक्षेप असा की, अडाणी रुग्णाला वैद्यकशास्त्रातले काय कळणार? हा आक्षेप महाराष्ट्राने तरी घेऊ नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. तेथे गावाने निवडलेल्या स्त्रिया, ज्यांतील अनेक निरक्षर आणि दलित होत्या, आरोग्यसेविका झाल्या. ते काम पाहावयास जगभरचे डॉक्टर येतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू यांनी वर्ध्याच्या खेड्यांत विम्याची योजना चालविली, तिचा हप्ता होता ऐपतीप्रमाणे ज्वारी. ज्याने ज्वारी दिली त्याने हक्काने उपचार घेतले आणि गावसभेत हिशेबही ऐकला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय बांधण्यापूर्वी आदिवासींनाच विचारले की, दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता आले पाहिजे, असे उत्तर आले, आणि दवाखाना झोपड्यांच्या रूपात, दंतेश्वरी देवीच्या नावाने उभा राहिला. त्याच गडचिरोलीत ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची जी काळजी घेतली, तिने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते संशोधन छापले.

हृदयाची झडप कशी बदलावी हे रुग्णाला कळत नाही, आणि ते कोणी त्याला विचारीतही नाही. परंतु दवाखाना किती वाजता उघडला, डॉक्टरने हात लावून तपासले की लांबूनच चिठ्ठी लिहिली, कळा देणाऱ्या बाईवर कोण खेकसले, हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला कळते? दवाखान्याच्या गुणवत्तेचा निम्मा भाग याच गोष्टींत असतो. आणि जेथे रुग्णाला काहीच कळू दिले जात नाही, तेथे काय होते हे परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्याने दाखविले. २०१९ साली विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी सुमारे १३ हजार ८०० स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. मुकादमाचा खाडा चुकविण्याची सक्ती, सरकारी केंद्रात न मिळालेला साधा उपचार आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती यांनी मिळून त्या बायकांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले. त्यांच्या अंगठ्याला ‘संमती’ म्हणतात. अज्ञान हे सहभाग नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. सहभाग नाकारल्याचा तो परिणाम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आधी डॉक्टर द्या, औषधे द्या, मग देखरेखीच्या गोष्टी बोला. यातले अर्धे सत्य मान्य केलेच पाहिजे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. परभणी-हिंगोलीचे गंभीर रुग्णही त्याच दारात जातात. रिकामी पदे आणि अडलेली औषधखरेदी यांचा हिशेब कोणत्याही गावसमितीच्या अहवालपत्रकाने भरून निघणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत उलटली, वचन पुरे झाले नाही. जो लोकसहभागाला निधीचा पर्याय म्हणून पुढे करतो तो लबाडी करतो, हे स्पष्ट सांगावे. परंतु ‘आधी निधी, मग जाब’ हा क्रमही तितकाच फसवा आहे. जाब विचारणारे संघटित झाल्याशिवाय कोणत्या सरकारने गरिबांच्या दवाखान्यावर आपखुशीने पैसा ओतला आहे? औषधाचा साठा किती दिवस शून्य होता, याची नोंद गावाने ठेवली तरच विधानसभेत मंत्र्याला ‘टंचाई नाही’ असे म्हणता येणार नाही. रिकाम्या कपाटाचा हिशेब हाच निधीच्या लढ्याचा दारूगोळा आहे.

तिसरा आक्षेप असा की, लोकांना अधिकार दिला तर ते डॉक्टर-नर्सना छळतील. या आक्षेपाला जागा करून देणारे लोक राजकारणातच आहेत. नांदेडच्या त्याच दुर्घटनेनंतर एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह स्वतः धुवावयास लावले आणि त्याचे चित्रीकरण देशभर फिरले. याला काही जणांनी टाळ्या वाजविल्या. तो लोकांचा सहभाग नव्हता. ती लोकांच्या नावाने केलेली जहागिरदारी होती. सफाई कामगारांची पदे का भरली नाहीत, हा प्रश्न त्या झाडूखाली झाकला गेला. काचा फोडणे, डॉक्टरांवर हात उगारणे हेही त्याच जातीचे. त्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि कार्यकर्त्याने त्याच्या बाजूनेच उभे राहिले पाहिजे. चार गावांच्या उपकेंद्रांची धुरा एकटीने ओढणारी नर्स आणि कामाच्या नगावर मोबदला घेणारी आशा, जिला सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणून कामगारांचे हक्क नाकारते, या रुग्णाच्या शत्रू नाहीत. २०२१ आणि २०२३-२४ मधील आशांचे संप हे रुग्णांच्याही हिताचे लढे होते. रुग्ण आणि कर्मचारी एकमेकांशी भांडत राहिले तर तिजोरीवर बसलेला निश्चिंत झोपतो.

सत्तेवाचून सहभाग नाही

जगाचा अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ही समाजवाद्यांच्या अभिमानाची गोष्ट. परंतु तेथील स्टॅफर्डच्या इस्पितळात २००५ नंतरच्या काही वर्षांत व्यवस्थापक आर्थिक उद्दिष्टांच्या मागे लागले, नर्सेसची संख्या घटली, वृद्ध रुग्ण पाण्यावाचून तळमळू लागले. कागदोपत्री सारे ठीक होते. रुग्णांच्या नातेवाइकांनी २००७ साली संघटना उभी करून रेटा लावला तेव्हा कोठे चौकशी झाली, आणि २०१३ च्या फ्रान्सिस अहवालाने २९० शिफारशी करून व्यवस्थेचे वाभाडे काढले. मालकी सरकारी असली म्हणजे कारभार लोकांचा होतो, हा भ्रम तेथे फुटला. ब्राझीलने दुसरी दिशा धरली. हुकूमशाही हटविल्यानंतरच्या १९८८ च्या राज्यघटनेने तेथे आरोग्य हा हक्क ठरविला, आणि १९९० च्या कायद्याने गावापासून राष्ट्रापर्यंत आरोग्य परिषदा नेमून त्यांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांना दिल्या. खर्चावर नजर ठेवण्याचा अधिकारही दिला. सहभाग म्हणजे अभिप्राय नव्हे, सहभाग म्हणजे जागा आणि मत, हे ब्राझीलने कायद्यात लिहिले.

मात्र जागा मिळाली की काम झाले, असेही समजू नये. आपल्या देशाचा एक धडा विसरण्यासारखा नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता राजवटीत, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, गावाने निवडलेल्या आरोग्यरक्षकाची योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी आल्मा-आटा येथे जगातील देशांनी लोकसहभाग हा आरोग्यसेवेचा पाया मानला. भारताचे पाऊल एक वर्ष आधीच पडले होते. पण ‘गावाने निवडावयाचा’ म्हणजे प्रत्यक्षात गावच्या धनदांडग्यांनी निवडावयाचा, असे ठिकठिकाणी झाले. सरपंचाचा पुतण्या औषधाची पेटी घेऊन बसला आणि ती पेटी दलित वस्तीपर्यंत पोचलीच नाही. जात आणि जमीन यांनी दुभंगलेल्या गावात ‘गावाचा सहभाग’ या शब्दाला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ‘गाव’ म्हणजे कोण हे आधी विचारले जाते. भूमिहीनाच्या घरातली बाळंतीण, क्षयाचे औषध चालू असलेला मजूर, ऊसतोडीवरून परतलेली बाई हे समितीत नसतील, तर ती समिती पाटलाच्या वाड्याची ओसरीच राहील.

कार्यकर्त्यांपुढचे काम

तेव्हा करावयाचे काय? कार्यकर्त्यांचा एक स्वभाव येथे बदलावा लागेल. रात्री दोन वाजता कोणी आजारी पडला की, कार्यकर्ता साहेबांना दूरध्वनी करतो, खाट मिळवून देतो, आणि ते घर जन्मभर त्याचे उपकार मानते. ही सेवा माणुसकीची आहे, हे नाकारता येत नाही. परंतु जी खाट हक्काची होती ती वशिल्याने मिळाली, एवढेच तिने सिद्ध होते, आणि ज्याला कार्यकर्ता ठाऊक नाही तो दारातच राहतो. वशिला हा व्यवस्थेला सर्वांत सोयीचा विरोध आहे. त्याने एकाचे भागते आणि व्यवस्था जशीच्या तशी राहते.

त्याऐवजी कायद्याने दिलेली हत्यारे हाती घ्यावीत. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे आणि तिच्या आधी महिलांची सभा झाली पाहिजे, असा नियम आहे. त्या महिलासभेत आरोग्य समितीची नावे, निधी आणि खर्च वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा; बाळंतपण आणि लसीकरण यांवर बोलावयास याहून योग्य सभा नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की, माहिती मागितल्यावाचूनच जाहीर करावी. तेव्हा औषधसाठा, कर्मचाऱ्यांची मंजूर व भरलेली पदे आणि समितीचा जमाखर्च केंद्राच्या भिंतीवर लागलेच पाहिजेत. लागले नाहीत तर अर्ज करावा. दर तिमाहीस गावोगावी लाल-पिवळे-हिरवे पत्रक भरावे. त्यासाठी सरकारच्या मंजुरीची वाट पाहावयास नको. पत्रके जमली की केंद्राच्या आवारात जनसुनवाई बोलवावी, अधिकाऱ्यांना रीतसर निमंत्रण द्यावे, आशा व नर्स यांच्या अडचणीही त्याच व्यासपीठावरून मांडाव्यात. ज्या प्रश्नाचे उत्तर केंद्रात नाही तो जिल्ह्याकडे, जिल्ह्यात नाही तो मुंबईकडे न्यावा. आणि तक्रार करणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी डूख धरून वागविणार नाही, यासाठी तक्रार एकट्याच्या नावाने न देता वस्तीच्या नावाने द्यावी.

खाजगी दवाखान्यांनाही यातून सुटका नसावी. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे त्यांना बंधनकारक आहे. परभणीच्या कोणत्या भिंतीवर ते आहे आणि कोणत्या नाही, हे पाहावयास मोर्चा लागत नाही, दोन कार्यकर्ते आणि एक वही पुरते.

राज्यपातळीवरची मागणी मात्र एकमुखाने झाली पाहिजे. लोकाधारित देखरेख ही काही जिल्ह्यांपुरती मर्जीची योजना न राहता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला कायद्याने लागू व्हावी. रुग्ण कल्याण समितीत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांना मिळाव्यात, त्यांत स्त्रिया, दलित, आदिवासी व भूमिहीन यांचा हिस्सा ठरलेला असावा, आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम वैद्यकीय अधिकाऱ्याकडून काढून घ्यावे. वर्षातून दोन जनसुनवाया सक्तीच्या असाव्यात आणि तेथे दिलेल्या उत्तराची मुदत पाळली गेली नाही तर जबाबदारी नावानिशी निश्चित व्हावी.

यातली एकही मागणी क्रांतीची नाही, आणि तरीही ती सहजासहजी मान्य होणार नाही. कारण हिशेब मागावयास शिकलेला रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर थांबत नाही. तो रेशनच्या दुकानात, रोजगार हमीच्या हजेरीपटावर आणि बँकेच्या खिडकीतही हिशेब मागू लागतो. सत्ताधाऱ्यांना भीती आहे ती याची, आणि म्हणूनच ते वेड पांघरून बसले आहेत. ते पांघरूण ओढून काढावयाचे असेल, तर सुरुवात पेडगावसारख्या गावातून, पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी भरणाऱ्या बायकांच्या सभेतूनच करावी लागेल.